आजी, आतून बोल

विहीणबाईंना मनापासून नमस्कार. तुमचे गुडघे, व्याह्यांचा खोकला आणि दारातली आंधळी मांजर, सगळ्यांची खुशाली कळवावी. इकडे माणसं ठीक आहेत, घराचं मात्र काही खरं नाही. फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका. लोकांच्या भिंतीला कान असतात, आमच्या भिंतीला नात आहे. (नात तुमचीही आहेच. पण राहते आमच्याकडे, म्हणून काळजीतला मोठा वाटा माझा.) अक्षर लागलं नाही तर व्याह्यांकडून वाचून घ्या. मी चौथीत शाळा सोडली आणि शाळेनेही मला फारसं अडवलं नव्हतं.

तर सांगायचं ते मुंगीबद्दल. हे नाव तुम्हीच ठेवलंत, पोर अंगापेक्षा मोठं ओझं उचलते म्हणून. तिची नोकरी तुम्हाला नीट ठाऊक आहे की नाही याची मला शंका येते, कारण तुम्ही चारचौघांत ‘ती औषधाच्या दुकानात असते’ असं सांगता, असं कानावर आलं. (रागावले नाहीये. नुसतं कानावर आलं एवढंच सांगतेय.) ते दुकान नाही, विहीणबाई. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक केंद्र आहे, तिथे नशेत अडकलेली माणसं येतात. आंघोळ करतात, जखमेवर पट्टी करून घेतात, स्वच्छ सुया नेतात, खुर्चीत बसून डुलक्या काढतात. नशा सोडलीच पाहिजे अशी अट नाही. मी एकदा म्हटलं, मग तुम्ही करता तरी काय? तर म्हणाली, “आजी, सोडायचा विचार यायला माणूस आधी जिवंत लागतो.” यावर मी वाद तिथेच सोडला आणि तिला आणखी एक पोळी वाढली. मी वाद अर्ध्यावर सोडणं किती दुर्मीळ, ते तुम्हाला लग्नाच्या बोलणीपासून माहीत आहे.

त्या केंद्रात एक नियम आहे. न्हाणीघरात कुणी गेलं की थोड्या थोड्या वेळाने बाहेरून दार वाजवायचं आणि आतल्याने काहीतरी बोलायचं. बोलला नाही तर कडी काढून आत शिरायचं, तिथली कडी बाहेरूनही उघडते. मध्यंतरी एक जण बोलला नाही. त्याला सगळे मास्तर म्हणतात, पूर्वी कुठेतरी गणित शिकवायचा. मुंगीने दार उघडलं तर नशा जास्त झालेली, ओठ निळे आणि श्वास बंद. तिने नाकात मारायचं औषध मारलं, तोंडाने श्वास दिला, दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याला धरून बसली. मास्तर शुद्धीवर आला आणि तिच्यावरच खेकसला, माझ्या नशेची वाट लावलीस म्हणून. (त्या औषधाने नशा खाडकन उतरते आणि जीव नकोसा होतो म्हणे. मुंगी म्हणते, खेकसला म्हणजे श्वास चांगला चाललाय.) नंतर येऊन चहा मागून प्यायला. मास्तर बरा आहे. बिघडलंय ते आमचं घर.

कारण तेव्हापासून मुंगी आमच्याही न्हाणीघराचं दार वाजवते. तुमचे जावई (माझा मुलगा, पण या प्रकरणात तुमचेच म्हणते) सकाळी पेपर घेऊन आत जातात, हे तुम्ही एकदा पाहुण्या आला होतात तेव्हा सोसलंच आहे. हिची टकटक, “बाबा, बोला.” ते म्हणतात, अगं, वाचतोय. ही म्हणते, “मग मोठ्याने वाचा.” आता रोज सकाळी न्हाणीघरातून बातम्या येतात आणि अग्रलेख आला की सूनबाई रेडिओ मोठा करते. मी आत गेले की बाहेरून, “आजी, आतून बोल.” आता आंघोळ करताना बोलायचं तरी काय? मी शेजारणीच्या तक्रारी सांगायला घेतल्या, कारण त्या संपत नाहीत. शेजारणीची खिडकी त्याच बाजूला उघडते हे ध्यानात राहिलं नाही. ती आता माझ्याशी बोलत नाही.

दुपारची झोप तर गेलीच. डोळा लागतो न लागतो तोच खांद्याला गदागदा हलवते, हाका मारते, मुठीच्या हाडांनी छातीच्या मधोमध घासते. (माणूस नुसता झोपलाय की बेशुद्ध आहे ते असं कळतं म्हणे.) माझ्या छातीवर वळ आहेत. पण हसू येतं ते माझ्यापुरतं. पोर जेवत नाही, झोपेत कराकरा दात खाते आणि बशी पडली तरी पांढरी पडते. मला फार भीती वाटते, विहीणबाई. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

केंद्रातली परिचारिका मुंगीचा विसरलेला डबा द्यायला आली, तेव्हा उरलेलं कळलं. असं काही घडलं की तिथे सगळ्यांनी बसून मनातलं बोलायचं आणि मग आठवडाभर रजेवर जायचं, अशी पद्धत आहे. ही परिचारिकाही जाऊन आली, चांगली गुबगुबीत होऊन आली. मुंगी त्या बैठकीत सगळ्यांचं ऐकते, रडणाऱ्यांना पाणी आणून देते आणि स्वतःची पाळी आली की म्हणते, माझं ठीक आहे. रजा घे म्हटलं तर म्हणते, मी नसताना दार वाजवायला कुणी विसरलं तर? शेवटी तिथल्या मोठ्या बाईंनी सांगून टाकलं, रजेवर गेली नाहीस तर तुला या कामावरून काढून आत फायलींना बसवीन. फायलींना बसली तर मुंगी वाळून जाईल. आणि न बसता अशीच राहिली तरी वाळेलच.

म्हणून मी ठरवलं की आपण आजारी पडावं. आजारी आजीसाठी तरी रजा काढेल. चक्कर आल्यासारखी आडवी झाले, हात लोंबता सोडला. पण सोंग करता करता खरीच झोप लागली. (वयाचं एक सुख आहे, सोंगालाही फार कष्ट पडत नाहीत.) मुंगी आली, तिने हाक मारली. जागी झाले होते, पण मला वाटलं, लगेच ओ दिली तर आजारपण हलकं वाटेल. तर तिने मला कुशीवर वळवलं, छाती घासली, पिशवीतली पुडी फाडली आणि माझ्या नाकात ते औषध मारलं. मी ओरडले, अगं सोड, सोंग करतेय मी. (नशा न करणाऱ्याला त्याने काही होत नाही. नाकाला झिणझिण्या तेवढ्या.)

मुंगी मटकन खाली बसली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर ती हसायला लागली, पोट धरून, आणि हसता हसता तेच रडणं झालं. म्हणाली, “आजी, मी चहा करत होते. तो आत पडला होता आणि मी चहा करत होते. म्हणून दार वाजवायला उशीर झाला.” एवढंच पुन्हा पुन्हा. इतके दिवस ही पोर ते चहाचं पातेलं उरावर घेऊन हिंडत होती. मी तिचं नाक पुसलं, मग माझं पुसलं.

दुसऱ्या दिवशी तिने बैठकीत हेच सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, एका माणसाला चहा आणि दार दोन्ही दिलं ही चूक माझी. आता दाराशी जो असेल त्याने दुसरं कुठलंच काम करायचं नाही, असं ठरलंय. त्या रात्री मुंगी पोटभर जेवली. मी किती खूश आहे काय सांगू, जेवताना तिच्याकडे बघत बसले तर माझंच ताट तसंच राहिलं. रजेचं मात्र घोडं अडलंय. आजी ठणठणीत आहे, मग रजा कशाला, म्हणते.

असो. बाकी सगळं बरं. व्याह्यांना नमस्कार, लहानांना पापा.

ता. क. सूनबाई सांगत होती, तुमचा मोतीबिंदू पिकलाय आणि तुम्ही डॉक्टरांना झुलवत ठेवलंय. माझ्या मते हा काढून घ्यायला फार चांगला आठवडा आहे. डोळ्यात थेंब घालायला घरातलंच माणूस हवं.

आणखी एक. मुंगीला ‘कसं वाटतंय’ असं विचारू नका, ते तिकडे विचारतात. मटार सोलायला द्या आणि शेजारी बसा.

शेवटचं. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला असं मी तिला सांगून टाकलंय. तिने रजेचा अर्ज दिला, कामाचा फोन परिचारिकेच्या हवाली केला आणि बॅगही भरली. पत्र पोचेल त्याच्या मागोमाग ती पोचेल. डॉक्टर भेटले तर उत्तम. नाही भेटले तर ती दारात उभी राहील तेव्हा निदान एका डोळ्याला फडकं बांधून ठेवा. कुठला डोळा ते मी सांगितलेलं नाही.