अर्ध्या पोळीची किंमत

रविवार, २४ सप्टेंबर २००६

अर्ध्या पोळीची खरी किंमत: राजा. तीन वर्षांचा, आमच्या हरणांच्या फार्मवरचा सगळ्यात देखणा स्टॅग, म्हणजे नर. मंगळवारी सकाळी त्याला गोळी घालायची.

आज इथल्या पिनर गावच्या मराठी मंडळाची फार्मवर टूर होती. ट्रेलरवर चढतानाच बजावलं होतं, नर माजावर आलेत, कुंपणाजवळ जायचं नाही, काही खायला द्यायचं नाही. "आमची हरणं माणसाळलेली नाहीत," हेही ऐटीत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात डॉक्टर जोशींनी, नवे कोरे रबरी वेलिंग्टन बूट घालून आलेले. मी पाठमोरा होतो, पण कान शाबूत आहेत. डब्यावरचं फॉइल वाजलं.

वळलो तर राजाचं तोंड जोशींच्या हातात. पोळी संपली तशी शिंगं धाडकन तारेवर आदळली आणि डॉक्टर चिखलात. नवे बूट वर. त्यांची बायको ओरडली, "अहो, तरी सांगत होते!"

उठून मलाच ऐकवतात, "प्राण्यांना माझी ओळख पटते हो. बघा, सरळ माझ्याकडेच आला." पोळी ऑरगॅनिक होती म्हणे! वर सस्टेनेबल शेतीवर दहा मिनिटं ज्ञान. मूर्ख मनुष्य.

माणसाला न भिणारा स्टॅग या दिवसांत ठेवता येत नाही. पुढच्या टूरला शाळेची मुलं येणार आहेत. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

पण सरळ का आला? पोळीचा वास? छे. त्याची आई मेल्यावर त्याला आमच्या किचनमध्ये बाटलीनं दूध मीच पाजलं होतं.