रखमाकाकूंचं आभारप्रदर्शन

करी रोड,
मंगळवार

ती. मालनआत्यास,

दर्शनाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि परसातली रातांबीची झाडं, सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असाव्यात. (बाबांनी झाडांची चौकशी आधी करायला सांगितली होती. क्रम मी बदलला.) आम्ही सगळे ठीक आहोत, शनिवारपर्यंत ठीक होतो असं लिहिलं तर ते जास्त खरं होईल. फोनच केला असता, पण नवं घर चाळीतल्या खोलीहून मोठं असलं तरी फोनवरचं बोलणं अजून घरातल्या सगळ्यांच्या मालकीचं असतं.

तुला ठाऊक आहेच, घरातली पहिली पदवीधर मी असल्यामुळे इंग्रजीत छापलेलं जे काही दारात येतं, औषधाच्या बाटलीपासून मिक्सरच्या गॅरंटीपर्यंत, ते माझ्यापुढे ठेवलं जातं. जानेवारीत सोसायटीचे सेक्रेटरी जयवंतकाका असेच एक काम घेऊन आले. महिला दिनाला आपली इमारत बांधणाऱ्या कंपनीच्या नूपुर मॅडम येणार, फोटो निघणार, तर आपल्या बायकांनी प्रत्येकी एक इंग्रजी वाक्य बोलून कंपनीचे आभार मानावेत. वाक्य मी पाठ करून घ्यायचं. एकच वाक्य पाठ करून घेणं मला अप्रामाणिक वाटलं (पोपटालासुद्धा लोक दोन-तीन शिकवतात), म्हणून मी सोसायटीच्या हॉलमध्ये दीड महिन्याचा वर्गच काढला. सात बायका आल्या. आई सगळ्यात मागे बसली. पोरीसमोर पुढे कसं बसायचं, म्हणाली.

रोजचं इंग्रजी आठ-दहा शब्दांवर चालतं, आत्या. वॉन्ट, होप, ट्राय, प्रॉमिस, फरगेट, मॅनेज, प्रिटेंड, रिफ्यूज. त्यापुढे 'टू' जोडायचं आणि त्याच्यापुढे जे काय करायचं ते. (यात एक मोठी सोय आहे. खरं काम शेवटी येतं आणि तिथवर पोचायची कोणालाच घाई नसते. सोसायटीच्या नोटिसा वाच, कमिटी कायम काहीतरी करण्याचं ठरवण्याचा विचार करत असते.) वर्गाचा नियम मी एकच ठेवला: वाक्य खरं असलं पाहिजे. पहिल्या दिवशी सातही वह्यांत 'आय लाइक टू गो टू मार्केट' आलं. रखमाकाकूंच्या वहीतसुद्धा. त्या चौदाव्या मजल्यावर राहतात. आमच्या विंगच्या दोन लिफ्टपैकी एक कधी लागलीच नाही आणि दुसरी दिवाळीपासून बंद आहे. बाजाराचं नाव काढलं तरी त्यांचे गुडघे दुखतात. मी प्रत्येक वाक्याखाली लाल पेनाने लिहिलं, 'खरं आहे का?'

मग मात्र खरं यायला लागलं, आणि मला वह्या घरी उघड्यावर ठेवण्याची भीती वाटू लागली. 'माय सन प्रॉमिसेस टू फोन.' 'माय जाऊबाई कम्स, आय प्रिटेंड टू स्लीप.' एकीने 'माय हजबंड ट्राइज टू हेल्प' लिहिलं होतं. माझा लाल शेरा वाचून तिने खोडलं आणि 'प्रिटेंड्स टू हेल्प' केलं. आईने लिहिलं, 'आय फरगेट टू सिट.' त्याखाली मी काहीच लिहिलं नाही.

शनिवारी कार्यक्रम झाला. नूपुर मॅडम आल्या, त्यांना श्रीफळ दिलं, तीन बायकांनी 'वी वॉन्ट टू थँक' नीट म्हटलं. चौथ्या रखमाकाकू. त्या चौदा मजले प्रत्येक जिन्यावर टेकत उतरल्या होत्या, हे मला आधी कळायला हवं होतं. माइक धरून त्या म्हणाल्या, "कंपनी प्रॉमिस्ड टू रिपेअर लिफ्ट. कंपनी फरगॉट टू रिपेअर. आय ट्राय टू क्लाइंब. आय मॅनेज टू क्लाइंब नाइन फ्लोअर." इथे, उरलेल्या पाच मजल्यांआधी जिन्यात घेतात तसा, श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आय रिफ्यूज टू थँक." पहिली टाळी मीच वाजवली. विचार करून नाही गं, काकूंनी एवढं मोठं पहिल्यांदाच न अडखळता म्हटलं होतं. मग सगळा हॉल वाजवायला लागला. नूपुर मॅडमनीही वाजवली आणि हसून म्हणाल्या, "वी विल ट्राय टू लुक इंटू इट." आमच्या वर्गातली कोणीही सांगेल, याचा अर्थ लिफ्ट होत नाही.

संध्याकाळी जयवंतकाका घरी. "तुका शिकवूक सांगितलंय, आग लावूक नाय!" चहा मात्र दोन कप घेतला. कंपनी रुसली तर लिफ्टच काय, गच्चीची गळतीही तशीच राहील, म्हणून तोडगा असा निघाला की मी कंपनीला इंग्रजीत माफीपत्र लिहायचं: आमच्या बायकांना इंग्रजी येत नाही, त्या काय बोलल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, आणि खाली शिक्षिका म्हणून माझी सही. येत्या रविवारी अकराच्या कमिटीत ते वाचलं जाणार. बाबा कमिटीत आहेत. "लिहील ती," बाबा म्हणाले, मी तिथेच उभी असताना. आणि मी (ही गोष्ट तुला सांगायलाही लाज वाटते) म्हणाले, "हो बाबा."

तेव्हापासून रखमाकाकू जिन्यात भेटल्या की मला 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणतात. संध्याकाळी सुद्धा.

बाकी विशेष नाही. काकांना नमस्कार. आगळाची बाटली पोचली, सोलकढी झाली, संपलीसुद्धा.

तुझी भाची,
दर्शना

ता. क. खरं काम राहिलंच. बाबा जगात फक्त तुझं ऐकतात. रविवारी दहा वाजता, कमिटीच्या आधी, त्यांना फोन करून सांगशील का की दर्शना ते पत्र लिहिणार नाही? सात बायकांना मी 'आय रिफ्यूज टू' म्हणायला शिकवलं, पण घरात मला ते मराठीतही जमत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवायचं थांबवून हे लिहिते आहे. वर एक लपवलं: माफीपत्र मी शनिवारीच लिहून ठेवलं होतं, चांगल्या कागदावर, स्वच्छ अक्षरात (न लिहिलेलं काम घरात असलं की मला झोप येत नाही). आज कपाटातली फाइल काढली तर ते तपासलेलं. प्रत्येक ओळीखाली माझ्याच लाल पेनाने, आईच्या गोल अक्षरात, 'खरं आहे का?' बायकांना काही कळत नाही या ओळीखाली तर पेन एवढा दाबला होता की कागद फाटलाय. मी वळून पाहिलं तर आई खुर्चीत बसून होती. भाजी नाही, घडी नाही, नुसती बसून.

तेव्हा बाबांना फोन करू नकोस. रविवारी मीच सांगेन. म्हणजे ट्राय टू. 'मॅनेज टू' आत्ताच लिहीत नाही, कारण वाक्य खरं असलं पाहिजे. तू फक्त दहा वाजता फोनजवळ राहा.