सरोजच्या अळ्या

अमरावती,
३० ऑगस्ट २०२५

चि. दिगांबर यास,
हरिहरचे आशीर्वाद. चांदूर बाजारला पाऊसपाणी ठीक असेल, संत्र्याला फळं टिकली असतील. मी बरा आहे. तुझी सरोजताईही बरी आहे.

आशीर्वाद संपले. आता ऐक.

राखीला आलास, बासुंदी खाल्लीस आणि मी जरा आडवा झालो तेवढ्यात परसातल्या लिंबावर फवारा मारलास. कोणाला विचारून? मी बाहेर आलो तर पानं ठिबकत होती आणि तू हसत होतास. "भाऊजी, पानाची चाळणी करून टाकली होती अळ्यांनी. आमच्या संत्र्याले मारतो तेच औषध हाय. आता पाहाले भेटनार नाई."

बाग वेगळी, घरचं झाड वेगळं. ज्याची पानं माणूस येताजाता चुरगळून हुंगतो, त्यावर विष मारतात का रे? संध्याकाळी तुझी ताई तशीच पानं चुरगळून आली आणि त्याच हातांनी जेवायला बसली. मी तिला ओढत मोरीत नेलं. ती रडली. तू तेव्हा एसटीत होतास.

अळ्या आम्हाला दिसत नव्हत्या असं वाटलं तुला? रोज चहा झाला की तुझी ताई आईसक्रीमच्या डब्यात साबणाचं पाणी घेऊन, चिमटा घेऊन झाडापाशी जायची. लहान अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी. मी फसायचो, ती नाही. मोठी हिरवी अळी धरली की लाल शिंगं काढून घाण वास सोडते. मग ती म्हणायची, "मास्तर, अगदी तुमच्यावर गेली आहे."

तेवढंच राहिलं होतं, दिगांबर.

शाळेतल्या कवितेची एक ओळ मी म्हणायची, पुढची तिने, हा आमचा चाळीस वर्षांचा खेळ. दिवाळीपासून ती पुढची ओळ म्हणत नाही. नुसती पाहते. गॅस पेटवणं विसरली. आमच्या लेकीचं, अदितीचं नाव विसरली. राखीच्या सकाळी मी तिच्याकडून तुझं नाव घोकून घेतलं, पहिलीतल्या पोराकडून घ्यावं तसं. तुला कळू नये म्हणून मीच मधे मधे बोलत होतो, तर तू मलाच म्हणालास, "ताईले बोलू द्या ना जरा."

आता ती डबा घेऊन जाते, एकेक पान उलटून पाहते आणि आत येऊन विचारते, "अहो, मी काय करायला गेले होते?"

मी काय सांगू, ते तू सांग.

पुढच्या रविवारी ये. मी रोज नळीने झाड धुतो आहे. तुझ्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जिथे फवारा पोचला नसेल, तिथली अळ्या लागलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आण. लोक हसतील, हसू देत.

आणि दारात उभा राहून तिने ओळखण्याची वाट पाहू नकोस. "मी दिगांबर, तुझा भाऊ," असं आधी म्हण. मग माझ्याशी काय भांडायचं ते भांड.

राग न गेलेला,
तुझ्या ताईचा
हरिहर