ललिताच्या मशीनविषयी खरं काय ते

अहेरी,
ता. १७ नोव्हेंबर

आदरणीय प्रफुल्लभाऊ,

अहेरीहून हरिदासचा तुम्हा दोघांना मनापासून जय भीम. आम्ही इकडे बरे आहोत. ऊर्जानगरात तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींनी साखर तपासली का? (तुम्ही क्वार्टरचा जिना अजून दिवसातून चारदा चढता असं कळलं. तसं करू नये.) फोन न करता पत्र काढलं याचं नवल वाटेल. घरातला चांगला फोन हल्ली तुमच्या बहिणीकडे असतो आणि सारखा वाजतो. माझा वाजतच नाही, म्हणून मी तो चार्जही करत नाही.

ललितानं तुम्हाला मशीनची हकीकत सांगितली असेलच, पण ती तिच्या बाजूची. माझी बाजू अशी की, बाजारातल्या त्याच दुकानात मी एकतीस वर्षं शिवतो आहे आणि इथल्या फॉरेस्ट गार्डांच्या दोन पिढ्यांच्या पँटी माझ्या हाताखालून गेल्या. ललिता माझ्या कापडाचे उरलेले तुकडे नेऊन घरी हातानं गोधड्या शिवायची. ते मी दुपारचा वेळ घालवणं समजत होतो. उन्हाळ्यात संघप्रिया मॅडम (भामरागडकडे मुलींचं वसतिगृह सांभाळतात) पडदे शिवायला टाकायला आल्या, त्यांनी स्टुलावरची गोधडी उलगडली आणि पडदे विसरून तिच्यावरून हातच फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "थंडीच्या आधी अशा वीस होतील?" मी लगेच मापाची वही उघडली. तर शेजारी तुकडे निवडत बसलेल्या ललिताकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला नाही हो, बाईंना विचारते." झालं. तेव्हापासून बाजारात माझी ओळख 'ललिताबाईचे मालक' अशी आहे. नमस्कारसुद्धा आधी तिची चौकशी करून मग मला होतो.

हातानं वीस गोधड्या थंडीपर्यंत होणार नव्हत्या. माझ्या मशीनवर जाड काम चालणार नाही, बिघडेल, असं मी ठासून सांगितलं. (जपून चालवली असती तर चालली असती, पण तिच्या पायट्यावर आजवर माझ्याशिवाय कोणाचा पाय पडलेला नाही.) ललिता एवढंच म्हणाली, "मंग माह्यासाठी दुसरी पाहून द्या जी. तुमाले समजते." हे 'तुमाले समजते' ऐकून मी इतका फुललो की दुसऱ्याच दिवशी आम्ही चंद्रपूरच्या गाडीत होतो. तिनं पिशवीत जुन्या गोधडीचा घडी घातलेला कोपरा घेतला होता. दुकानात हे काढू नकोस, लोक हसतील, असं मी तिला बल्लारपूर येईपर्यंत सांगत होतो.

दुकानदारानं दाखवलेली मशीन पांढरीशुभ्र, हलकी, बत्तीस नक्ष्यांची. त्यातली एक नक्षी बदकांची. त्यानं पातळ रुमालावर बदकांची रांग काढून दाखवली आणि ललिताचं तोंड उघडंच राहिलं. मी चाक हातानं फिरवून पाहिलं आणि भाऊ, दोन मिनिटांत मला कळलं. अंग हलकं, सुईजवळचा दाबाचा पाय बोटभरही उचलत नव्हता, गुंडाळलेली गोधडी आत सरकवायला जागा नव्हती, आणि आमच्याकडे वीज गेली की बदकंही गेली. गोधडीला लोखंडी अंगाची जड मशीन लागते, पायानं चालणारी, आणि गावातल्याच माणसाला उघडून दुरुस्त करता येईल अशी. हे सगळं मला येतं. तरी मी म्हणालो, "हीच घे." का म्हणालो, ते तुमच्यासारख्या वडील माणसाला लिहिताना लाज वाटते. मनात आलं, महिनाभरात हिचं कौतुक संपेल, मशीन टीव्हीशेजारी जाऊन बसेल आणि मॅडम पुन्हा माझ्याकडे पडदे घेऊन येतील.

दुकानदार खोकं आणायला वळला तेवढ्यात ललितानं तो कोपरा सुईखाली कोंबला. मशीन दोन टाके कण्हली, आणि सुई मोडून तुकडा थेट दुकानदाराच्या चहात पडला. ललितानं दुकानदाराकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "तुमाले मालूम होतं ना जी?" मी बदकं मोजत राहिलो.

मशीन न घेताच निघालो. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. आष्टीला मी तिच्यासाठी चहा आणला, तो तिनं शेजारच्या म्हातारीला देऊन टाकला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. ती भांडली असती तर मी भांडलो असतो, पण या गप्प बसण्याला मी काय करणार? आलापल्लीपर्यंत खिडकीबाहेर साग बघत बसलो. अशी भीती मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जंगूकडे गेली. (आठवडी बाजारात मशीन दुरुस्त करतो तो. माणूस चांगला आहे, पण माझ्या मशीनला फार लवकर म्हातारी म्हणतो.) थोड्या वेळानं मला बोलावणं आलं. तिथं एक काळी, लोखंडी, पायाची जुनी मशीन होती आणि तोच कोपरा तिच्याखालून आरपार शिवून निघाला होता. जंगूसमोर ललिता म्हणाली, "आता खरं सांगा. घेऊ का नको घेऊ?" मी चक्क जमिनीवर आडवा होऊन खालून पाहिलं. अर्धा तास खोट शोधली. जीव तोडून शोधली. सापडली नाही. उठून म्हणालो, "घे. पट्टा तेवढा बदलून घे." तेव्हा कुठं तिनं मला चहा विचारला.

आता ती मशीन दुकानात माझ्या शेजारी असते. तिचा आवाज माझ्या मशीनपेक्षा मोठा आहे, गिऱ्हाईक आधी तिकडेच बघतं आणि जंगू तेल घालायला रोज येतो. माझ्याकडे तो एकतीस वर्षांत सात वेळा आला. मात्र ललिताचे कोपरे वाकडे जायचे. पाच-सहा गोधड्या मी मुद्दाम गप्प बसलो. सातवीला राहवलं नाही, तिच्या हातातून कात्री घेतली आणि कोपरे काढून दिले. त्यानंतरच्या सगळ्यांचे मीच काढले. ललितानं फोनवर पाठवलेले फोटो बघून परवा मॅडमचा फोन आला, कोपरे फार सुबक झाले म्हणून. ललिता म्हणाली, "हाय आमच्याकडं एक कारागीर," आणि बोलत बोलत अंगणात गेली. एक कारागीर! मी त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली. असो. बाकी सर्व क्षेम. वहिनींना जय भीम.

आपला,
हरिदास

ता. क. पुढच्या रविवारी मॅडम गोधड्या न्यायला येणार आहेत. तुम्ही नक्की या.

ता. क. आलात की चारचौघांत, सहज सुचल्यासारखं, मोठ्यानं विचारा, "हे कोपरे कोणी काढले?" एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. ललिताला कळू देऊ नका.

ता. क. दादा, मी ललिता. पत्र पोस्टात टाकाले मलेच देल्लं, अन् पाकीट चिकटवाचं मालक इसरले. अंगणात जाऊन मी मॅडमले काय सांगतलं, थे त्याईनं आयकलंच नाई. मनलं, माह्या मालकाचा हात हाय थो, असा हात अख्ख्या जिल्ह्यात नाई. तोंडावर मनलं असतं तं आठ दिवस मानूस जमिनीवर आला नसता, अन् अजून तीन गोधड्याचे कोपरे बाकी हायेत. तुमी या, अन् इचारा. मोठ्यानं इचारा. मी आयकून राह्यली नाई असं दाखवीन.