घडीच्या भिंतीपलीकडची जागा

अण्णा, मी सकाळपासून चौथ्यांदा उठले. खुर्ची खिडकीशी नेली, परत आणली. एका जोडप्याला घराचा नकाशा द्यायचाय. आज दोघंच आहेत, उद्या मूल होईल, पुढे म्हातारे आईवडील येतील, तसतसं घर बदलता आलं पाहिजे, म्हणतात. घरं आखणं हेच माझं काम, पण हा नकाशा काही केल्या पुढे सरकत नाही. शेवटी तो बाजूला सारून तुम्हाला लिहायला घेतलं. पाठवायचं कुठे, तो प्रश्नच नाही.

विक्रोळीची आपली खोली दहा बाय पंधराची. दादाचं लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात आत्या गावाहून कायमची आली. वर माझी दहावी. आई म्हणाली, "आता माणसं काय खुंटीला टांगायची?" तुम्ही कारखान्यात लाकडी साचे बनवायचात, लाकूड तुमचं ऐकायचं. तुम्ही माझ्यापुढे चौकटींचा कागद ठेवलात. "गणितात हुशार ना गो तू? मग तूच आख."

मी दोन दिवस खपले. प्लायवूडच्या तीन फळ्या, बिजागऱ्यांनी जोडलेल्या. दिवसा घडी करून बाजूला, झोपताना उघडली की भिंत. पलीकडे दादा-वहिनी, अलीकडे ओट्याजवळ आई आणि आत्या, माळ्यावर मी. तुम्ही कागद पाहिलात आणि उखडलात. "आत्या मोरीकडे जाईल कुठून? कागदावर माणसं चालवून बघितलीस काय?" रविवारची दुपार होती. तुम्ही खडू घेऊन माझा नकाशा लादीवर काढलात आणि सगळ्यांना आपापल्या जागी आडवं व्हायला लावलंत. वहिनी अजून यायची होती, तिच्या जागी पाट ठेवला. आत्या पडल्यापडल्या हसते आहे, "दिवसाढवळ्या कित्याक निजवतंस रे?" आणि दादा एकदम उठून बसतो. "अण्णा, तुमची जागा कुठाय?"

तुम्ही उंबऱ्यावर उभे होतात, हातात खडू. मी कागद उलटसुलट करून पाहिला. खरंच विसरले होते. माझा चेहरा बघून तुम्ही म्हणालात, "गॅलरी आहे ना. झकास वारा येतो." मोरीकडे जायची वाट मात्र तुम्ही माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतलीत.

ती भिंत तुम्ही किती वेळा बदललीत. दादाला मुलगी झाली तेव्हा मधल्या फळीत खाली एक झडप कापलीत, आत्याला अंथरुणातून पाळण्याची दोरी ओढता यावी म्हणून. आत्या गेली तेव्हा झडप बंद केलीत. घरातलं माणूस वाढलं, कमी झालं, की रंध्याचा आवाज यायचा. तुमची वळकटी तेवढी गॅलरीतच राहिली. पावसाळ्यात ताडपत्री बांधायचात आणि सकाळी खोकत आत यायचात.

मग दादाने डोंबिवलीला जागा घेतली. त्याचं सामान टेम्पोत चढलं आणि भिंतीपलीकडची जागा मोकळी झाली. तेव्हा मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होते. टेम्पो कोपऱ्यावर वळला असेल-नसेल, मी माझं ड्रॉइंगचं टेबल ओढत तिथे आणलं. आई चहा टाकत होती, तिने नुसतं वर पाहिलं. इतक्यात तुम्ही आत आलात. काखेत वळकटी होती. टेबलाकडे पाहिलंत. वळकटी दाराशी ठेवलीत आणि टेबलाचं एक टोक धरलंत. "अशानं हाताची सावली पडेल कागदावर. उजेड डावीकडून हवा. धर." आपण दोघांनी ते फिरवलं. मग तुम्ही वळकटी उचलून परत बाहेर गेलात. पुढची सहा वर्षं, शेवटच्या आजारात हॉस्पिटलात नेईपर्यंत, तिथेच झोपलात.

कॉलेजात त्या घडीच्या भिंतीचं मी सांगितलं तेव्हा सर फार खूश झाले होते. लोकांना अजून सांगते, आमच्या वडिलांनी बदलणारं घर बांधलं होतं. खडूची गोष्टही सांगते, मी विसरले होते हेसुद्धा, आणि लोक हळहळतात. पोर होती, चुकली, म्हणतात. टेबलाची गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी मी काहीच विसरले नव्हते, अण्णा. तुम्ही वळकटी घेऊन आत का आलात, ते मला कळलं होतं.