बारकीला पाठवलेला मऊ भात

दि. ८ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मी हातीपायी धड आहे. चार दिवस फोन लागत नाही म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. तो मी बंद करून, टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलाय. वीस वर्षं रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात बसून लोकांचे फोन घेतले, आणि आता शेजाऱ्यांकडे घंटी वाजली तरी मी कानांवर उशी दाबते.

झालं असं. गेल्या सोमवारी सकाळी एका माणसाचा फोन आला. त्याची बायको स्वयंपाकघरात कोसळली होती, श्वास घेत नव्हती. मी पत्ता विचारला, गाडी पाठवली, आणि छाती कशी दाबायची ते त्याला सांगत, त्याच्याबरोबर मोठ्याने आकडे मोजत राहिले. गाडी गेली भलतीकडेच. त्या नावाचे रस्ते शहरात दोन आहेत, एक जुना, एक नवा. गाडी नव्यावर आणि माणूस जुन्यावर. खरं घर सापडेपर्यंत एकोणीस मिनिटं गेली. बाई वाचली नाही.

तीन मार्चला चौकशी आहे. तोवर मला घरी बसवलंय. ही शिक्षा नाही, विश्रांती घ्या, असं साहेब म्हणाले. विश्रांती कुठली! घास तोंडात फिरत राहतो, खाली उतरत नाही. चहा-बिस्किटांवर दिवस काढतेय.

म्हणून एक विचारायचंय. बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा आई काहीतरी पांढरं, गरम, मऊ करायची. मी परीक्षेत आपटले तेव्हाही तिने तेच केलं होतं. नाव काही केल्या आठवत नाही. तू आईच्या हाताखाली शिकलीस, मी नुसती ताटावर येऊन बसले. कसं करायचं ते लिहून पाठव.

भावजींना नमस्कार. हवी तेवढी रागाव, पण जीव आहे तेवढाच लावत जा.

तुझी,
बारकी

दि. १२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आधी मी दोनदा वाचलं, मग तुझ्या भावजींनी. तुझी काही चूक नाही, असं मी लिहिणार नाही. मी तिथे नव्हते. पण एकोणीस मिनिटं तू त्या माणसाला एकटं सोडलं नाहीस, एवढं मला कळतं. मी पहिल्या बसने निघाले असते, पण शाळेच्या स्वयंपाकघरात सध्या माझं एक त्रांगडं झालंय. ते निस्तरलं की येते.

तुला नाव आठवत नाही, कारण त्याला नावच नव्हतं. आई नुसतं विचारायची, आज मऊ करू का. तो साधा मऊ भात गं. मला साडेतीनशे पोरांचं प्रमाण तोंडपाठ आहे, एका माणसाचं लिहायचं म्हणजे पंचाईत. तरी ऐक. अर्धी वाटी तांदूळ धुऊन घे. पाच वाट्या पाणी, दोन चमचे मीठ. उकळी आली की आच बारीक कर आणि ढवळत राहा. हलायचं नाही, वर्तमानपत्र वाचायचं नाही. कान दे. आधी बुडबुडे पटपट फुटतात, मग भात दाटला की जड, धप धप असा आवाज येतो. तो आला की झाकण ठेव. दुसरीकडे लोण्यात लसणाच्या आठ पाकळ्यांचे काप टाक. कडा तपकिरी दिसल्या की लगेच भातावर ओत.

आणि एक. पातेल्याशी उभं राहायची पाळी आई नेहमी, ज्याचं बिनसलंय त्याच्यावरच टाकायची. बाबांनी त्या दिवसांत किती ढवळलंय! तेव्हा मला आईचा राग यायचा. आता वाटतं, बरोबर होतं तिचं.

आम्ही ठीक. डिसेंबरातल्या तापातून मी केव्हाच उठले, त्याची काळजी नको. तुझे भावजी हल्ली जेवताना चार-चार पेले पाणी पितात. वय झालं, दुसरं काय.

ढवळताना माझी आठवण काढ. तेवढ्यावर माझं पोट भरेल.

तुझी,
ताई

दि. १७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मऊ केला. पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी आलं, भावनेने नव्हे, मिठाने! अर्ध्या वाटीला दोन चमचे? अगं, समुद्र झाला होता नुसता. मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून हसले. किती दिवसांनी हसले, मोजलं नाही.

मग पुन्हा केला, अर्धा चमचा मीठ घालून. अर्धा तास पातेल्याशी उभी होते. त्या अर्ध्या तासात ते आकडे डोक्यात वाजले नाहीत, कारण तो धप धप आवाज चुकेल या भीतीने कान तिकडेच होते. वाडगाभर खाल्ला. तळाचासुद्धा खरवडून खाल्ला.

चौकशीत त्या फोनचं ध्वनिमुद्रण सगळ्यांसमोर ऐकवणार आहेत. त्या माणसालाही बोलावलंय म्हणे. तोवर पोटाला आधार हवा. आईचं दुधातलं बटाट्याचं सूप लिहून पाठव. आणि तुझं त्रांगडं काय आहे, तेही. माझं रडगाणं ऐकताना स्वतःचं लपवू नकोस.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
बारकी

दि. २० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

मीठ मी बरोबरच लिहिलं होतं. तुझाच चमचा मोठा असेल. तीस वर्षं चूल सांभाळणाऱ्या बाईला मीठ शिकवतेस होय!

सूप घे. दोन कांदे उभे पातळ चिर. लोण्यात परतत राहा, ओल्या पुठ्ठ्यासारखा रंग येईपर्यंत. घाई केलीस तर कडा काळ्या होतील आणि सगळं मुसळ केरात. मग तीन बटाट्यांच्या फोडी बोटाच्या पेराएवढ्या, बुडतील एवढं पाणी. चमच्याच्या पाठीने दाबल्यावर फोड स्वतःहून कोसळली की शिजली. अर्ध्या तशाच ठेव, अर्ध्या मोड. आई कधी सगळ्या मोडायची नाही. खाताना काहीतरी सापडलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. शेवटी दोन पेले दूध, मंद आचेवर. दुधाची साय भांड्याच्या कडेला थरथरायला लागली की उतरव, उकळू देऊ नकोस. खोल वाडग्यात घे, तळवे वाडग्याला लाव, मग खा. बघ, मी किती लांबण लावली.

त्रांगडं तसं काही नाही. तुझं पहिलं पत्र आलं त्या आठवड्यात पोरांनी थाळ्या भरलेल्याच परत केल्या. पलीकडच्या पातेल्यात कांदा जळाला होता आणि मी शेजारीच उभी असून मदतनीस बाईने मला सांगितलं नाही. मुख्याध्यापिका बाई येऊन पाहून गेल्या. होतं असं कधीकधी.

तिकडे तू धीर धर, इकडे मी धरते.

तुझी,
ताई

दि. २३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सूप उत्तम झालं. पण आज त्याबद्दल लिहीत नाही.

ताई, माझं काम ऐकण्याचं आहे. घाबरलेली माणसं जे बोलत नाहीत, ते मला आधी ऐकू येतं. तुझी दोन्ही पत्रं मी पुन्हा वाचली. भाताचा आवाज आहे, कांद्याचा रंग आहे, बटाटा हाताला कसा लागतो ते आहे. लोण्यात लसूण पडतो आणि तू वासाचं एक अक्षर लिहीत नाहीस? तू, जी जिन्यातूनच ओळखायचीस की तिसऱ्या मजल्यावर काय शिजतंय? शेजारच्या पातेल्यात कांदा जळतो आणि तुला कुणीतरी सांगावं लागतं? भावजी चार पेले पाणी पितात ते वयामुळे नाही गं, तुझ्या मिठामुळे.

डिसेंबरच्या तापापासून तुला वास येत नाही. चवही नाही. हो ना?

रागवायचं तर रागव, पण ऐक. तुझ्या स्वयंपाकघरात गॅसच्या सहा शेगड्या आहेत आणि बाहेर साडेतीनशे मुलं. तुला गळती कळणार नाही. आमच्याकडे असे फोन येतात, मी घेतलेत. हे पत्र मिळेल त्याच दिवशी मुख्याध्यापिका बाईंना सांग. त्यानंतर मला उत्तर लिही.

एक प्रश्न मी वेळेवर विचारला नाही म्हणून आज घरी बसलेय. हा विचारल्याशिवाय राहवलं नाही. धाकटी असून चढ्या आवाजात बोलले, पोटात घाल.

तुझी,
बारकी

दि. २६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

सांगितलं. आज सकाळीच.

काल संध्याकाळी पत्र वाचलं आणि ओट्याला टेकून रडले. तुझे भावजी धावत आले, त्यांनाही तेव्हाच कळलं. बिचारे दोन महिने खारट जेवले आणि चकार शब्द बोलले नाहीत. मला वाईट वाटेल म्हणून.

ताप उतरला त्या दिवसापासून सगळं ओल्या कागदासारखं लागतं. घड्याळात बघून जेवते. कपडे ढगळ व्हायला लागलेत. कुणाला सांगितलं नाही, कारण जी चाखू शकत नाही ती स्वयंपाकीण कसली? जानेवारीत एकदा एक शेगडी न पेटताच उघडी राहिली होती. मदतनीस बाईने बाहेरून येताच ओरडून बंद केली. मी तिथेच उभी राहून भाजी चिरत होते. आणि तरी मी गप्प बसले.

मुख्याध्यापिका बाई रागावल्या, बरोबरच रागावल्या. मग त्यांनी मला खुर्ची दिली. काम गेलेलं नाही. पण शेगडी आणि चाखणं आता मदतनीस बाईकडे. मी चिरायचं, मोजायचं, उद्याची यादी करायची. दुपारी डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात, वास येईल किंवा येणार नाही.

तुझ्यासाठी मऊ भात लिहिताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणून सुपाचं एवढं पाल्हाळ लावलं. तुला वाटलं मी तुला जेवू घालतेय. मीच जेवत होते.

चौकशीला जाताना काहीतरी खाऊन जा. माझं सगळं बळ तुझ्या पाठीशी.

तुझी,
ताई

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. बटाट्याचं सूप खाऊन गेले होते.

ध्वनिमुद्रण ऐकवलं. मी पत्ता दोनदा विचारलाय. जुना की नवा, हे मात्र विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मी स्वतःच सांगितलं. संगणकही दोन रस्ते न दाखवता एकच दाखवून मोकळा होत होता. ते आता बदलणार आहेत. मला लेखी समज मिळाली आणि पंधरा तारखेपासून पुन्हा कामावर घेतलंय.

तो माणूस बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. माफ केलं म्हणाला नाही. कुणावर चिडायचं तेच अजून कळत नाही, असं म्हणाला. मग म्हणाला की तो मोजताना चुकत होता तेव्हा मी चुकत नव्हते. स्वयंपाकघरात तो अजून पाऊल टाकत नाही, मुलीकडे राहतो. मला मऊ भाताचं सांगावंसं फार वाटलं, पण जीभ रेटली नाही.

शनिवारी सकाळच्या बसने येतेय, आठवडाभर. तू कर, मी चाखते. भावजींना म्हणावं, सुटलात.

तुझ्याच घरी निघालेली,
बारकी

दि. १९ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तू गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. कामावरचे पहिले दिवस कसे गेले, पहिला फोन कुणाचा आला, सविस्तर लिही.

इकडची बातमी. काल सकाळी शाळेत कांदा चिरत होते आणि एकदम जळक्या रबराचा वास आला. मी सुरी टाकून शेगड्यांकडे धावले. सगळ्या बंद. मदतनीस बाईला विचारलं, तिला काही येत नव्हता. मग कांदाच नाकाशी धरला. बारके, तो वास कांद्याला होता! इतका घाणेरडा की पोटात मळमळलं, आणि मी कांदा हातात धरून वेड्यासारखी हसत सुटले. मुख्याध्यापिका बाई बघायला आल्या. त्यांना वाटलं, गेली ही कामातून.

डॉक्टर म्हणाले की नाक जागं होताना आधी असंच उलटंसुलटं सांगतं. काही महिने चालेल, पूर्ण नीट होईलच अशी हमी नाही. चालेल. आज कॉफीला ओल्या मोज्यांचा वास आला, साबणाला कुजलेल्या पानांचा. मी घरभर फिरून प्रत्येक वस्तू हुंगतेय, आणि तुझे भावजी वही घेऊन मागे मागे लिहून घेतायत. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, माझा कसला येतो?

छान येतो, असं सांगितलंय. तू आलीस की तुला खरं सांगते.

तुझी,
ताई