शेजारचे लाटसाहेब

कॅरी, अमेरिका, ३ मे २००४

चहा झाला की हे शेजारी. जेवायलाच परत. यतीन आणि सूनबाई ऑफिसला, घरात मी आणि वॉशिंग मशीन. शेजारी कोण, तर लाटसाहेब. थट्टा नाही, खरेखुरे! इंग्लंडचे लॉर्ड, पंचाहत्तरीचे. इथे लेकीकडे राहायला आलेत, आम्ही मुलाकडे आलोय तसेच.

५ मे

जेवताना पुन्हा लॉर्डपुराण. त्यांचे वडील लढाईत गेले तेव्हा हे महाशय शाळेत. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीत नाव बदललेलं. अकराव्या वर्षी लॉर्ड. सांगताना ह्यांचे डोळे भरून आले. माझे वडील गेले तेव्हा हे मला "पाणी घे" एवढंच म्हणाले होते.

९ मे

आज हवेली. छप्पर गळायचं, शेवटी विकली, तिथे हॉटेल झालं. मग पार्लमेंट — जन्मभर बसले, भाषणं मोजकीच. नव्याण्णव साली कायदा आला, जन्मावर मिळालेल्या जागा बहुतेकांच्या गेल्या, त्यात लॉर्डचीही. "बिचारा," म्हणतात हे.

मी विचारलं, एवढं काय बोलता हो त्यांच्याशी?

"असंच."

एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं 'असंच' माझ्या वाट्याला कधी आलं नाही. जळफळाट होतो, खरं लिहिते. एका म्हाताऱ्याचा मत्सर करायचा म्हणजे हसू येतं, पण होतो.

१० मे

चालायला चला म्हटलं. गुडघा दुखतो म्हणे. शेजारी जाताना बरा दुखत नाही.

१४ मे

जूनअखेरची तिकिटं आहेत. माझं मन कधीच पुण्याला पोचलंय. आणि आज हे यतीनला म्हणतात, "व्हिसाच्या एक्स्टेन्शनचं बघ रे, अजून सहा महिने राहू." मला विचारलंसुद्धा नाही. यतीन खूश — "ग्रेट, बाबा!" त्याला वाटतं, त्याच्यासाठी.

उद्या जाऊन लाटसाहेबांना सुनावणारच. माझा नवरा मला परत द्या म्हणणार.

१५ मे

हे यतीनबरोबर दुकानात गेलेले पाहून मी शेजारी गेले. लेकीने दार उघडलं. मी खोलीत पाऊल टाकलं तर म्हातारा काठी टेकत उभा राहिला. मला वाटलं, कुठे निघालेत. "लेटर, लेटर" म्हणत मी मागे फिरले. ते म्हणाले, "नो, नो, प्लीज!" मग मी उभीच — वडीलधारं माणूस बसल्याशिवाय बसू कशी? तेही उभेच. त्यांचे पाय थरथरायला लागले. शेवटी लेक म्हणाली, बाई बसल्याशिवाय ते बसत नाहीत. बसले बाई एकदाची.

भांडायचं राहूनच गेलं. ते म्हणाले, "अँड यू?" मास्तरीण होते म्हटलं, तर मी काय शिकवायचे, कुठल्या शाळेत, मुलं कशी होती, सगळं त्यांना ऐकायचं होतं. माझं इंग्रजी अडखळायचं, ते थांबायचे. भूगोल म्हटल्यावर कृष्णा कुठून निघते विचारलं. मग म्हणाले, बायको सोडून गेली — तिच्याशी कधी बोललोच नाही.

ही गोष्ट ह्यांनी मला सांगितली नव्हती. कदाचित ह्यांनाच माहीत नसेल.

१९ मे

सकाळी हे, दुपारी मी. आज ह्यांनी दोनदा विचारलं, काय बोलता तुम्ही. सांगितलं नाही.

२२ मे

हे घरातच बसून. दुपारी मी चपला घालत होते तर म्हणाले, "पुरे झालं इथलं. जूनमध्ये जाऊच या परत."

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे."